मेलेल्या बोर्डावरची जिवंत चिप

"ताई, मन्हा कॉम्पुटर मरी गया!"

"मरना नही, बेसुद पडेल शे. ठेवा आठे."

नंदुरबारच्या बाजारपेठेतल्या माझ्या दुकानात हे बोलणं सारखं होत असतं. गिऱ्हाईक संगणक टेबलावर ठेवतं आणि दवाखान्यात नातेवाईक डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात तसं माझ्याकडे बघत उभं राहतं. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पण पडदा काळा. कुणीतरी त्याला आधीच सांगितलेलं असतं की मदरबोर्ड गेला, आता नवा घ्या. मी झाकण उघडते, बोर्डावर तुरीच्या दाण्याएवढी काळी चिप शोधते आणि कामाला लागते. इतकी वर्षं झाली, तरी त्या काळ्या पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटली की मला टाळी वाजवावीशी वाटते. कधी कधी वाजवतेही. गिऱ्हाईक दचकतं.

ही चिप म्हणजे काय, ते आधी सांगते. सकाळी डोळे उघडले की आपण कोण, हात कुठे, पाय कुठे हे आपल्याला आपोआप कळतं. संगणकाला ते आपोआप कळत नाही. बटण दाबलं की मेमरी कुठे, डिस्क कुठे, पडदा कुठे हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते सगळं या चिपमध्ये लिहिलेलं असतं. त्याला बायोस म्हणतात. हे लिखाण बिघडलं तर बाकी सगळं धडधाकट असूनही संगणक जागा होत नाही. बोर्ड फेकायची गरज नसते. चिपमधलं पुसायचं आणि पुन्हा नीट लिहायचं, बस.

ते लिहिण्यासाठी माझ्याकडे एक यूएसबी प्रोग्रॅमर आहे. दुकानातली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच. एक टोक माझ्या लॅपटॉपला, दुसऱ्या टोकाला रंगीत वायरींची पट्टी आणि शेवटी कपडे वाळत घालायचा असतो तसा पण बोटाच्या पेराएवढा चिमटा. हा चिमटा चिपच्या आठ पायांवर बसवायचा. चिपवर एक बारीक ठिपका असतो, तिथे लाल वायर आली पाहिजे. उलटा बसवलात तर चिप जळते. तिरका बसवलात तर पडद्यावर नुसतं एफएफ एफएफ एफएफ दिसतं, म्हणजे समोरून कुणी बोलतच नाही. या स्वस्त यंत्राची एक खोडही आहे. ते चिपला झेपेल त्याहून जरा जास्त दाबाची वीज देतं, म्हणून आणल्याबरोबर मी त्याची एक वायर कापून दुसरीकडे जोडून घेतली.

माझे अब्बा घड्याळजी. नंदुरबारातल्या कितीतरी मनगटांवरची घड्याळं त्यांच्या हातून गेलेली. दुकान त्यांचंच. घड्याळं मोबाइलमध्ये गेली तेव्हा अर्धं टेबल मी घेतलं, हळूहळू सगळंच घेतलं. घरात आम्ही हिंदी बोलतो, बाजारात अहिराणी, आणि मराठी मी शाळेत शिकले ती आजतागायत सोडलेली नाही. पहिल्यांदा मी चिमटा लावून बसले होते तेव्हा अब्बा खुर्ची ओढून शेजारी आले. 

"इसमें हिलता क्या है?" त्यांनी विचारलं.

"कुछ नहीं हिलता, अब्बा."

"फिर बिगडता कैसे है?"



गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरला की माझ्या दुकानात बाहेरगावचे फेटे दिसायला लागतात. एकदा एक उत्तरेकडचे घोडेवाले काका लॅपटॉप घेऊन आले. लॅपटॉप चालू होत होता, पण सुरू होताच पासवर्ड मागत होता, आणि तो पासवर्ड त्याच बायोसच्या चिपमध्ये बसलेला. आत त्यांच्या घोड्यांचे चालतानाचे, नाचतानाचे व्हिडिओ. लांबच्या गिऱ्हाइकाला तेच दाखवून सौदा करायचा होता.

"पासवर्ड आठवत नाही का?" मी विचारलं.

"घोडी का नाम है, बेटी. पर कौनसी घोडी का, वो याद नहीं."

आजवर पाळलेल्या सगळ्या घोड्यांची नावं ते घालून बसले होते. बिजली, चांदनी, रेशमा, पुन्हा बिजली. अशा वेळी मला एक गोष्ट बघावीच लागते. चोरीचा लॅपटॉपही लोक असाच आणतात, आणि असे मी परत पाठवलेले आहेत, शिव्या खाऊन. म्हणून मी काकांना म्हटलं, "आत उघडल्यावर पहिलं चित्र कुठलं दिसेल ते आधी सांगा. दुसरं निघालं तर लॅपटॉप तुम्हाला परत मिळणार नाही."

काकांनी डोळे मिटले. "पांढरी घोडी. कपाळावर लाल गोंडा. शेजारी माझा नातू, आणि घोडीने त्याची टोपी तोंडात धरलीये."

चिप वाचली, पासवर्डची जागा साफ केली, परत लिहिली. लॅपटॉप उघडला. पांढरी घोडी, लाल गोंडा, तोंडात टोपी. नातू रडत होता, ते मात्र काका सांगायला विसरले होते. दुकानातले सगळे हसले. काकांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "सुलताना! सुलताना था पासवर्ड!" तोवर त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

पण मला सांगायचंय ते नवापूरचं.

उन्हाळ्याचे दिवस. दुकानात मी चहाचा कप तोंडाला लावला होता आणि फोन आला. इलियासभाईंचा. नवापूरला त्यांची कोंबड्यांची हॅचरी, म्हणजे अंड्यांतून पिल्लं काढायचा कारखाना. त्यांच्या ऑफिसातले संगणक मी आधी दुरुस्त केलेले.

"नसीमबहन, बच्चे मर जाएंगे!"

माझा चहा सांडला. "किसके बच्चे? कहां हैं?"

"अंडे में हैं अभी!"

जीव भांड्यात पडला, पण थोडाच. इलियासभाईंचं बोलणं धड कळत नव्हतं. हळूहळू उलगडा झाला. कोंबड्यांचा रोग आला त्या काळात त्यांच्या शेडमध्ये पाखरू उरलं नव्हतं. सगळं धुऊन, चुना मारून, खूप दिवस थांबून त्यांनी पुन्हा काम सुरू केलं होतं, आणि ही पहिली खेप. अंडी शेवटच्या मशीनमध्ये होती, पिल्लं बाहेर यायच्या बेतात. त्या मशीनची उष्णता, ओल, पंखे, हवेच्या झडपा सगळं एका जुन्या संगणकाच्या बोर्डावर चालायचं. तो फार हळू चालतो म्हणून सुरतहून कल्पेश नावाचा एक तंत्रज्ञ आला होता. त्याने नवी डिस्क बसवली, ती बोर्डाला ओळखता येईना म्हणून बायोसची नवी आवृत्ती चढवायला घेतली. चिप पुसून झाली, लिहिणं सुरू झालं आणि वीज गेली. इन्व्हर्टरने क्षणभर उशीर केला. तेवढा क्षण पुरला.

"बोर्ड घेऊन मी तिकडे येतो," इलियासभाई म्हणाले.

"नको. वायरी कुठल्या कुठे होत्या ते विसराल. मीच येते."

पिशवी भरायला घेतली. प्रोग्रॅमर, चिमटे, कथील वितळवायची सोल्डरिंग गन, लॅपटॉप. मागे वळले तर अब्बा चपला घालून उभे. भिंग खिशात.

"आप कहां?"

"तुझे भिंग लगेगा. और मेरा भिंग मैं किसी को देता नहीं."

सुरतेकडे जाणारी गाडी मिळाली. अब्बा खिडकीशी बसले आणि मी सगळ्या वाटेत त्या बोर्डाच्या कंपनीची बायोसची फाइल, म्हणजे चिपमध्ये लिहायचा मूळ मजकूर, शोधत होते. फाइल मिळाली तर काम सोपं. मोबाइलवर शोधलं, कंपनीची साइटच उघडत नव्हती.

हॅचरीच्या दारात पाऊल टाकलं आणि उष्ण, ओला, पिसांचा वास अंगावर आला. मशीनसमोर वनिता उभी होती. हॅचरीचं आतलं सगळं काम तीच बघायची. नवापूरजवळच्याच एका पाड्यावरची, घरी मावची बोलणारी. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, कारण ती जमिनीवर पाणी शिंपडत होती. एका हातात थर्मामीटर.

"पंखे मी थेट लाइनवर जोडून घेतले, ताई," ती म्हणाली. "पण दार उघडलं की ओल जाते आणि पिल्लू कवचाला चिकटतं. दार लावलं की गरम होतं. उघडझाक करत बसले आहे. तुम्ही तुमचं बघा, मी माझं बघते."

मला वाटलं होतं अंड्यांना ऊब द्यायची असते. वनिताने सांगितलं, शेवटी शेवटी उलटं असतं. आतली पिल्लं मोठी झालेली असतात, त्यांची स्वतःची गरमी असते. त्यात बाहेर उन्हाळा. मशीनने त्यांना थंड ठेवायचं असतं.

कल्पेश कोपऱ्यात डोकं धरून बसला होता. मी बोर्डाला चिमटा लावला आणि चिप वाचली. सुरुवातीला थोडी अक्षरं, पुढे पानंच्या पानं एफएफ, म्हणजे कोरी. लिहिता लिहिता हात सुटलेला स्पष्ट दिसत होता.

"फाइल?" मी कल्पेशला विचारलं.

"जी मी चढवत होतो ती आहे, पण आता मलाच तिची खात्री नाही. कंपनी बंद पडलीये. एका परदेशी साइटवर याच्यासारख्याच बोर्डाची आहे."

"सारख्याच बोर्डाची की याच बोर्डाची?"

"सारख्याच," तो म्हणाला. सारख्या दिसणाऱ्या माणसाचं रक्त आपण तपासल्याशिवाय चढवत नाही. एकदा बोर्ड जागा झाला आणि त्याने पंख्यांना भलताच हुकूम दिला तर? मी नाही म्हटलं.  इलियासभाई माझ्याकडे बघत होते. घामाने माझ्या चष्म्यावर वाफ आलेली.

तेवढ्यात वनिता दार लावता लावता म्हणाली, "त्या दुसऱ्या मशीनच्या संगणकाची पेटी चालेल का? वीज पडून जळाली होती ती. पिंपांच्या मागं टाकलीये."

"तसलीच पेटी?"

"दोन्ही एकाच गाडीतून आल्या होत्या."

मी आणि कल्पेश एकदम उठलो. पिंपांच्या मागे पेटी होती. आत मुंग्यांनी घर केलेलं, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, अर्धा बोर्ड काळा पडलेला. पण बोर्ड तोच, आवृत्तीचा आकडासुद्धा तोच. आणि कोपऱ्यातली ती तुरीच्या दाण्याएवढी चिप जळलेली दिसत नव्हती. मी ओरडलेच, "बोर्ड मेलाय, चिप जिवंत असेल!"

चिमटा लावला तर प्रोग्रॅमरचा दिवाच मंदावला. मेलेला बोर्ड सगळी वीज पिऊन टाकत होता. म्हणजे चिप उपटून काढावी लागणार. गन तापवली, एका बाजूच्या चार पायांवर कथिलाचा मोठा थेंब, दुसऱ्या बाजूला तसाच, आणि एकदा इकडे एकदा तिकडे टेकवत कथील दोन्हीकडे पातळ ठेवायचं. चिप घसरली, मी चिमट्याने उचलली.

"मग हीच चिप चांगल्या बोर्डावर लावून टाका ना," इलियासभाई म्हणाले.

"तो एकच चांगला बोर्ड आहे, भाई. त्याच्यावर गन टेकवताना तांब्याची एक रेघ उखडली तर सगळं संपलं. हिच्यातलं वाचून घेते आणि त्याच्यावरच्या चिपमध्ये लिहिते."

चिप छोट्या पट्टीवर बसवून प्रोग्रॅमरमध्ये घातली. वाचली. एफएफ एफएफ एफएफ.

कल्पेशने भिंतीवर हात आपटला.

"दे इधर," अब्बा म्हणाले.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, चिप उजेडात धरली. पायांवर हिरवट गंज चढला होता, मुंग्यांमुळे की ओलीमुळे कोण जाणे. अब्बांनी माझ्या ओढणीची पिन काढून घेतली. टोकाने एकेक पाय खरवडायला लागले, श्वास रोखून, मधेच फुंकर मारत. मी त्यांच्यावर पुठ्ठ्याने वारा घालत होते. वनिता मागून थर्मामीटर बघून ओरडत होती. वाढतंय. थांबलं. वाढतंय.

पुन्हा वाचलं. या वेळी अक्षरं! पडदाभर अक्षरं! कल्पेशने माझा हात धरला आणि लाजून सोडला. पण माझा एक नियम आहे. दोनदा वाचायचं, आणि दोन्ही वेळचं अक्षर न् अक्षर जुळलं तरच विश्वास ठेवायचा. दुसऱ्यांदा वाचलं. जुळलं नाही.

"कुठलातरी पाय धड बोलत नाहीये," मी म्हटलं.

अब्बांनी पुन्हा भिंग लावलं. वनिता तेवढ्यात मशीनमधून एक अंडं घेऊन आली. "बाबा, हे बघा, सुरू झालं," म्हणत तिने ते अब्बांच्या कानाशी धरलं. अब्बा थबकले. कवचाच्या आतून टक्, टक्, टक्. पिल्लू चोचीने ठोकत होतं. अब्बांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"चल रही है," ते हळूच म्हणाले. घड्याळ दुरुस्त झालं की गिऱ्हाइकाला ते हेच सांगायचे.

मग ते झपाट्याने वाकले. "तीसरा पांव. बाल जितनी दरार है." तिसऱ्या पायाला केसाएवढी चीर होती. मी गन धरली, त्यांनी भिंगातून सांगितलं, थोडं उजवीकडे, अजून, बस. मोहरीएवढा थेंब टेकवला.

वाचलं. पुन्हा वाचलं. जुळलं. खात्रीसाठी आणखी एकदा वाचलं. जुळलं!

आता चांगला बोर्ड. चिमटा बसवला, ठिपका बघितला, पुन्हा बघितला. कल्पेश वायरीपाशी पहारेकऱ्यासारखा उभा राहिला, कुणाचा पाय लागू नये म्हणून. लॅपटॉप बॅटरीवर, त्यामुळे विजेची भीती नव्हती. पुसलं. लिहायला सुरुवात केली. पडद्यावरची हिरवी पट्टी इतकी सावकाश सरकत होती की इलियासभाईंनी तोंड फिरवून दुआ म्हणायला घेतली. पट्टी भरली. लिहिलेलं तपासलं. बरोबर. चिमटा काढला आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळा. पंखा थांबला. पुन्हा फिरला. पुन्हा थांबला.

"गयो," कल्पेश पुटपुटला.

"हात लावू नका!" मी ओरडले. नव्याने लिहिलेला बोर्ड पहिल्यांदा उठतो तेव्हा आपली मेमरी चाचपडून बघतो, दोनतीनदा पडतो, उठतो. हे मला माहीत होतं. 

बीप.

आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.

मी टाळी वाजवली नाही. मी नाचले. चाळिशीतली बाई, पायात हॅचरीचे रबरी बूट, अशी मी नाचले. जुनी डिस्क लावली, तारीख घातली, मशीनचा कार्यक्रम चढला आणि एकाएकी सगळ्या झडपा खडखडल्या, पंख्यांचा आवाज बदलला, मशीनने कारभार आपल्या हातात घेतला. वनिता थर्मामीटर नाचवत आली. "उतरतंय, ताई! उतरतंय!" मग तिथेच ओल्या जमिनीवर बसली आणि पदराने तोंड पुसलं.

सगळं वाचलं असं मी सांगणार नाही. वरच्या ट्रेमधली, दाराजवळची काही पिल्लं कवचाला चिकटली आणि गेली. वनिताने मला ती दाखवली, आणि मी बघितली. अजून थोडी आधी पोहोचले असते तर, हे मनात येतंच. त्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक बोर्डाची चिप मी आधी वाचून जपून ठेवते, आणि भंगारवाल्याकडचा एकही बोर्ड चिप काढल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. आता नव्या काही बोर्डांना बटण असतं. पेन ड्राइव्ह लावा, बटण दाबा, बायोस आपोआप लिहिला जातो. चांगलंच आहे ते. फक्त चिमट्याखाली चिप पहिल्यांदा बोलते तो क्षण नव्या पोरांना मिळणार नाही, याचं थोडं वाईट वाटतं.

आम्ही नंदुरबारला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा आणि मी दुकानात बसलो होतो, फोन वाजला. वनिता. मी हॅलो म्हटलं.  तिने फोन मशीनच्या दारात धरला होता. चिवचिव, चिवचिव, चिवचिव, नुसता कालवा, एवढा की फोनचा भोंगा फाटेल असं वाटलं. मी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

शेजारचे कापडवाले शेठजी हातातली मोजपट्टी तशीच घेऊन आमच्या पायरीवर आले. "काय व्हयनं, नसीम? दुकानमा कोंबड्या पाळ्या का?"

त्यांच्यामागे त्यांची गिऱ्हाइकं, मग पानवाला, मग रस्त्याने जाणाऱ्या दोन बायका. सगळे वाकून त्या फोनकडे बघत होते.  गर्दी बघून मी फोन बंद करायला हात पुढे केला.

अब्बांनी माझा हात धरला.

"रहने दे," ते म्हणाले. "सुनने दे सबको."